युजरनेममधले कॅपिटल आणि स्मॉल

आपल्या लिपीत मोठी आणि लहान अक्षरे असा भेदच नसल्यामुळे मराठी लिहिताना हा प्रश्न कधी पडत नाही. रोमन लिपीतले युजरनेम टाइप करताना मात्र तो आडवा येतो. विंडोजवर नाव कॅपिटलमध्ये लिहिले काय किंवा स्मॉलमध्ये, खाते उघडते. लिनक्सवर त्याच नावाचे पहिले अक्षर चुकून कॅपिटल झाले, तर पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही.

संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे एक आकडा. अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या आस्की संकेतात कॅपिटल ‘ए’चा आकडा 65 आणि स्मॉल ‘ए’चा 97 आहे. फरक 32, म्हणजे नेमका एका बिटाचा (0 किंवा 1 अशा एका अंकाचा), आणि सव्वीसही अक्षरांत तो तेवढाच आहे. हा बिट मोजायचा की सोडून द्यायचा, हे प्रत्येक कार्यप्रणालीच्या कर्त्यांनी आपापल्या परीने ठरवले. युनिक्स आणि तिच्या वळणावर गेलेली लिनक्स काहीच सोडत नाहीत. विंडोज खाते तयार करताना दिलेले रूप जपून ठेवते, पण नावे ताडताना हा भेद बाजूला ठेवते. गंमत अशी, की आत शिरल्यावर नावाला फारसे महत्त्वच उरत नाही, कारण फायलींची मालकी दोन्हीकडे ओळख-क्रमांकावर ठरते. युनिक्समध्ये सर्वाधिकारी असलेल्या रूटचा क्रमांक 0 असतो.

युनिक्सच्या या काटेकोरपणाला एक जुना अपवादही आहे. 1963च्या मूळ आस्कीत स्मॉल अक्षरे नव्हती, ती 1967च्या सुधारणेत आली; त्या काळी सर्रास वापरात असलेले टेलिटाइप मॉडेल 33 हे यंत्र तर केवळ कॅपिटलच छापत असे. 1969पासून बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेत घडलेल्या युनिक्सच्या आज्ञा मात्र स्मॉल अक्षरांत होत्या. म्हणून लॉगिनच्या वेळी अख्खे नाव कॅपिटलमध्ये आले, तर समोरच्या यंत्राकडे दुसरी अक्षरेच नाहीत असे युनिक्स गृहीत धरी, पुढचे सगळे टंकन स्मॉलमध्ये बदलून घेई आणि उत्तरे कॅपिटलमध्ये देई. साहजिकच, कॅप्स लॉक चुकून चालू राहिलेल्या माणसाला पुढे सगळा मजकूर कॅपिटलमध्येच दिसे! लॉगिनसाठी नाव विचारणाऱ्या लिनक्सच्या एगेटी या प्रोग्रॅममध्ये ही सोय आजही पर्याय म्हणून आहे.

डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारातील ॲडयुजर ही नवे खाते तयार करणारी आज्ञा कॅपिटल असलेले नाव मुद्दाम वेगळा पर्याय दिल्याशिवाय स्वीकारतच नाही, आणि मला तरी हाच शहाणपणाचा मार्ग वाटतो, कारण भेद पुसून टाकणे दिसते तितके सोपे नाही. तुर्की भाषेत टिंब असलेला आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन वेगळी अक्षरे आहेत, त्यामुळे तुर्की नियमाने स्मॉल आयचे कॅपिटल केले की त्याच्या डोक्यावर टिंब राहते, इंग्रजी नियमाने ते जाते, आणि एकाच युजरनेमची दोन रूपे तयार होतात. 2017च्या आरएफसी 8265 या इंटरनेट मानकाने तर दोन्ही पद्धतींना जागा दिली आहे: एकीत सगळी अक्षरे स्मॉल करून नावे ताडायची, दुसरीत ती आहेत तशीच ठेवायची.