ई-ट्रकची सवलत हवी? आधी दारातला जुना टिप्पर मोडीत काढा

पीएम ई-ड्राइव्ह योजनेत एका इलेक्ट्रिक ट्रकमागे जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपयांची सवलत आहे. आकडा ऐकून बरेच ट्रकमालक थेट शोरूम गाठतात आणि तिथेच अडकतात. जुना डिझेल ट्रक मान्यताप्राप्त केंद्रात मोडीत दिल्याचे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’, म्हणजे सीडी, हाती असल्याशिवाय ट्रकवर ही सवलत मिळत नाही. त्यामुळे खरे काम नव्या गाडीचे नसून गोव्यात सावर्डे-कुडचड्यात किंवा डिचोलीत, खाणी बंद झाल्यापासून माडाखाली उभ्या असलेल्या गाडीचे आहे.

योजना केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाची. ती १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे आणि ट्रकांसाठी मुदत ३१ मार्च २०२८ पर्यंत वाढवलेली आहे. ट्रकांसाठी राखीव रक्कम ५०० कोटी. ती संपली की मुदत शिल्लक असूनही सवलत बंद. ३.५ टनांहून जास्त ते ५५ टनांपर्यंत ग्रॉस वेटचे (मालासह गाडीच्या एकूण कमाल वजनाचे) ट्रक यात बसतात. ट्रेलर असेल तर सवलत फक्त तो ओढणाऱ्या पुढच्या गाडीवर, म्हणजे ट्रॅक्टरवर. मॉडेलही योजनेत मंजूर झालेले असावे लागते.

हिशेब असा: बॅटरीच्या दर किलोवॅट-अवरला ५,००० रुपये किंवा एक्स-फॅक्टरी किमतीच्या १० टक्के, यांतली कमी रक्कम. समजा बॅटरी १५० किलोवॅट-अवरची आणि किंमत ७० लाख. पहिल्या हिशेबाने साडेसात लाख, दुसऱ्याने सात. मिळणार सात. शिवाय प्रत्येक वजनगटाला कमाल मर्यादा आहे. हे पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत. बिलातच वजा होतात आणि कंपनी ते सरकारकडून वसूल करते. ‘आधी पूर्ण भरा, सबसिडी मागाहून येईल’ असे कोणी म्हणाले तर बुकिंग करू नका.

आता जुनी गाडी. ‘वाहन’ या सरकारी नोंदणी पोर्टलवर तिच्या नावाने कर्ज, थकीत कर, चलन, गुन्हा किंवा ब्लॅकलिस्टची नोंद असेल तर मोडीचा अर्ज पुढे सरकतच नाही. अर्ज अडतो तो अनेकदा कर्जाच्या नोंदीवर. हप्ते केव्हाच फिटलेले असतात, पण आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेचे नाव तसेच राहिलेले. बँकेकडून एनओसी आणि सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आपल्या एडीटी (सहायक वाहतूक संचालक) कार्यालयात नोंद उतरवून घ्या. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर हे कागद त्या नव्या बँकेकडून, अवसायनात गेली असेल तर अवसायकाकडून मिळवावे लागतात. यात वेळ जातो, म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्या.

गाडी बंद असल्याचे त्या वेळी लेखी कळवले नसेल तर रोड टॅक्स चढत राहिलेला असतो. तो भरावा लागतो. पुस्तकी आरसीची जुनी गाडी पोर्टलवर दिसतच नसेल तर बॅकलॉग एंट्री करून, म्हणजे जुनी नोंद पोर्टलवर चढवून, घ्यावी लागते. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१. आणि खास आपल्याकडची डोकेदुखी म्हणजे स्पेलिंग. एकच गावकर आरसीवर, आधारवर आणि पॅनवर इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. नोटरीकडचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

चेसीस नंबर वाचता येतो का, हे स्वतः पाहा. इतके पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीच्या फ्रेमवर गंजाचे पापुद्रे धरलेले असतात. तारेच्या ब्रशने हलके घासा, रॉकेलचा बोळा फिरवा, सुकल्यावर कागदी टेप चिकटवून पेन्सिलीने छाप उठवा. ग्राइंडर अजिबात लावू नका: ठसा उडाला की नंबर खाडाखोड केल्याचा संशय येतो.

मोडीत काढायला कोणत्याही राज्यातले मान्यताप्राप्त केंद्र चालते. मात्र टोइंगचा खर्च कोणाकडे, हे भाव ठरवतानाच लिहून घ्या. मूळ आरसी, ओळखपत्र, पॅन आणि रद्द केलेला चेक सोबत लागतो. कंपनीची गाडी असेल तर अधिकारपत्रही. टायर-बॅटरी आधीच काढून विकली असेल तर केंद्र भाव पाडते. गावचा भंगारवाला दोन पैसे जास्त देईल, पण सीडी देऊ शकणार नाही, आणि गाडी कागदोपत्री तुमच्याच नावावर राहील.

वजनाकडे लक्ष असू द्या. मोडीतल्या आणि नव्या गाडीचे ग्रॉस वेट ताडून पाहिले जाते. २०१८ पूर्वीच्या सहाचाकी टिप्परच्या आरसीवर १६,२०० किलो असते, तर त्याच वर्षी दोन एक्सलच्या गाडीची मर्यादा १८,५०० किलो झाली. म्हणजे ‘सहाचाकीला सहाचाकी’ हा हिशेब कागदावर जुळेलच असे नाही. विक्रेत्याला पोर्टलवर तपासायला लावा, मगच टोकन द्या. स्वतःची जुनी गाडी नसेल तर सीडी ऑनलाइन विकतही घेता येते.

सीडी एकदाच चालते. वापरली की वाहन पोर्टलवर ती रद्द होते. तीच सीडी डिझेलचा नवा ट्रक घेताना नोंदणी शुल्क माफीसाठी लावली तर ई-ट्रकसाठी उरत नाही. डिलिव्हरी घेताना बॅटरीची ५ वर्षे किंवा ५ लाख किलोमीटरची वॉरंटी, आणि गाडी व मोटरची ५ वर्षे किंवा अडीच लाख किलोमीटरची, बिलासोबत लेखी मागून घ्या.