टीएमटीतला धोका आणि 'देखरेख' या शब्दाचा घोळ

म्हापशात मामांना टीएमटीला, म्हणजे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासायच्या टेस्टला घेऊन गेलो होतो. कन्सेंट फॉर्म भिंतीला टेकवून सही केली, मामा चपला काढून बूट घालतायत, आत एकटा टेक्निशियन. डॉक्टर कुठे विचारलं तर 'हांगाच आसात', म्हणजे इथेच आहेत. हे 'हांगाच' म्हणजे नक्की किती लांब, यावर अमेरिकेत कित्येक वर्षं घोळ चाललाय.

अगदी जुनं सांगायचं तर १९२९ ला दोन पायऱ्या चढउतार करायला लावून नाडी-बीपी बघायचे. १९६३ मध्ये दर तीन मिनिटांनी स्पीड आणि चढ वाढवणारी ट्रेडमिलची पद्धत आली, आपल्याकडे पण बहुतेक ठिकाणी तीच.

धोका मोजला गेला तो १९७१ च्या पाहणीत, ७३ सेंटर, साधारण १ लाख ७० हजार टेस्ट, दहा हजारांत एक मृत्यू. १९८० मध्ये ५ लाखांवर टेस्टचा हिशेब आला त्यात मृत्यू निम्म्यावर, पण दहा हजारांत ३.६ हार्ट अटॅक आणि ४.८ वेळा ठोक्यांची गंभीर गडबड. आकडे सेंटरांनी स्वतःच कळवलेले हां, त्यामुळे मी ते जपूनच घेतो.

मग प्रश्न आला डॉक्टर खोलीत हवाच का. अमेरिकेतल्या नियमांत देखरेखीचे तीन प्रकार: डॉक्टर खोलीतच, डॉक्टर त्याच जागेत आणि हाक मारली की लगेच येणारा, किंवा नुसती वरवरची जबाबदारी, हजर नसला तरी चालतो. २०१४ च्या एका निवेदनात म्हटलं की ट्रेनिंग घेतलेला नर्स किंवा टेक्निशियन टेस्ट घेऊ शकतो, मात्र जास्त रिस्कच्या पेशंटला डॉक्टर खोलीतच हवा. कागदावर ठीक आहे, पण पेशंट कुठल्या गटातला हे आधी नीट तपासलं तरच ना. नुकताच अटॅक येऊन गेलेला, बसल्याजागी छातीत दुखणारा, महाधमनीची झडप खूप अरुंद झालेला, असा माणूस पट्ट्यावर चढताच कामा नये.

ज्यांना चालता येत नाही त्यांना इंजेक्शन देऊन टेस्ट करतात, तिथेही २०१३ मध्ये अशा दोन औषधांवर अटॅक आणि मृत्यूची वॉर्निंग आली.

आणि पट्टा थांबला म्हणजे सुटलो असं नाही, एकदम थांबलं की रक्त पायात साठतं, बीपी घसरतं. मामा उतरून खुर्चीत बसले, टेक्निशियन लगेच वायरी काढायला लागला. मी म्हटलं थांब रे जरा, आणि तेव्हा कुठे डॉक्टर आत आले.