भपकाऱ्यामागची बर्बन

ग्लास नाकाशी नेला की सगळ्यात आधी येतो तो अल्कोहोलचा भपकारा. बहुतेकांचं मत तिथेच ठरतं: एकीला ‘कडक’, दुसरीला ‘स्मूद’. हे दोन्ही शेरे अल्कोहोलबद्दल झाले. व्हिस्की पारखायची तर तो भपकारा बाजूला सारून मागचं धान्य, यीस्ट आणि लाकूड वेगवेगळं ओळखता आलं पाहिजे.

बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकी व्हिस्की. तिच्या बाबतीत अमेरिकी कायदा या कामात मदत करतो. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. भट्टीतून उतरणाऱ्या स्पिरिटमध्ये अल्कोहोल ८० टक्क्यांहून जास्त नको, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांहून जास्त नको आणि बाटलीत ४० टक्क्यांहून कमी नको. ओकचं पिंप कोरं आणि आतून जाळलेलं असावं लागतं. वरून रंग किंवा स्वाद घालायला बंदी आहे. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग चालतो, इथे चालत नाही. त्यामुळे बर्बनचा रंग सगळा लाकडातून आलेला असतो. मात्र दोन ग्लासांचा रंग ताडून पाहताना लेबलवरचं प्रूफ आधी वाचा, कारण बाटलीत भरताना घातलेल्या पाण्याने रंगही फिका होतो. अमेरिकी प्रूफ म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट. १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के.

तोंडाशी निमुळता होणारा ग्लेनकेर्नसारखा ग्लास घ्या, त्यात १५ मिली ओता आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. बर्फ नको, गारठ्यात सुगंधी रेणू फारसे उडत नाहीत. वाइनसारखा ग्लास गरगर फिरवला तर नुसतं अल्कोहोल वर येतं. काचेवरून ओघळणाऱ्या धारांवर लोक उगाच भाळतात. त्या अल्कोहोल आणि पाणी यांच्या पृष्ठताणातल्या फरकामुळे बनतात. दर्जा त्यातून कळत नाही. चकणाही लांब ठेवा. शेव-फरसाणाच्या तिखट-मिठानंतर जीभ काही सांगण्याच्या स्थितीत नसते.

वास घेताना ओठ किंचित उघडे ठेवा आणि ग्लास हनुवटीपासून हळूहळू वर आणा. दोन-तीन छोटे श्वास पुरेत. नाक बधिर झालं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या. आता एकेक धागा शोधा. व्हॅनिला येतो लाकडातलं लिग्निन तुटून. भाजल्या साखरेचा आणि बदामाचा वास लाकडातल्याच हेमिसेल्युलोजपासून येतो. खोबऱ्याचा वास ओक लॅक्टोनचा. लवंग जाणवली तर ती युजेनॉलमुळे, आणि आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या लवंगेतही तोच रेणू असतो. पिकलेलं केळं मात्र लाकडाचं नव्हे. ते आंबवताना यीस्टने बनवलेल्या एस्टर नावाच्या सुगंधी संयुगांचं.

पिंप जाळण्याचं काम मिनिटभरातच उरकतं. चौथ्या पातळीचा जाळ साधारण ५५ सेकंद देतात. लाकूड मगरीच्या पाठीसारखं तडकतं, म्हणून त्याला ‘अ‍ॅलिगेटर चार’ म्हणतात. कोळशाचा थर गंधकाची संयुगं शोषून घेतो आणि त्यामागचा शेकलेला थर गोडवा देतो. बर्बनचं माहेर असलेल्या अमेरिकेतल्या केंटकी राज्यात उन्हाळ्यात दारू प्रसरण पावून लाकडात शिरते, थंडीत मागे येते. गोदामाच्या वरच्या, तापलेल्या मजल्यांवर पाणी अल्कोहोलपेक्षा लवकर उडतं आणि वर्षागणिक तीव्रता वाढते. पिंपातून काढून पाणी न घालता भरलेल्या काही बाटल्या ६२.५ टक्क्यांच्याही वर असतात, त्या यामुळेच. बर्बनसाठी पिंप एकदाच वापरता येतं. मग ती पिंपं जगभर विकली जातात. गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉन सिंगल माल्ट अशाच पिंपांत मुरते.

पहिला घोट थेंबभरच घ्या आणि त्यावरून मत बनवू नका. तोंडात उष्णता ओळखणारा टीआरपीव्ही-१ नावाचा संवेदक (रिसेप्टर) एरवी ४२ अंशांच्या आसपास जागा होतो. अल्कोहोलमुळे तो उंबरठा ३४ अंशांपर्यंत उतरतो. मग तोंडाची नेहमीची ऊबच चटका वाटू लागते. दुसरा घोट दोन-तीन मिलीचा. आठ-दहा सेकंद जिभेवर फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. खरी चव इथे उलगडते. मका गोडसर, राय (गव्हाच्या जातीचं एक धान्य) मिऱ्यासारखी झणझणीत, गहू मऊ. मेकर्स मार्क या बर्बनमध्ये रायऐवजी १६ टक्के गहू आहे, फोर रोझेसच्या एका मिश्रणात ३५ टक्के राय. शेजारी ठेवून चाखल्या तर फरक नवख्यालाही कळतो.

मग पाणी. ड्रॉपर वापरा, नळाचं क्लोरीनवालं पाणी नको. ५० टक्क्यांच्या १५ मिलीत पावणेचार मिली घातलं की ४० टक्के होतं, १० मिली घातलं की ३०. पाण्याने वास का खुलतो याचं एक उत्तर २०१७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी संगणकावर रेणूंचं प्रारूप चालवून दिलं. ४५ टक्क्यांपर्यंत धुराचा वास देणारा ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो. ५९ टक्क्यांच्या वर इथेनॉल, म्हणजे अल्कोहोलच, त्याला वेढून आत ओढतं. जास्त पाणी झालं तर पोत जातो, द्रव गढूळही होऊ शकतो. तो दोष नव्हे. विरघळून राहिलेली मेदाम्लं आणि त्यांचे एस्टर बाहेर पडतात इतकंच.

केंटकीतल्या लुइव्हिल विद्यापीठातल्या स्टुअर्ट विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी याच पाण्याची मजेदार बाजू दाखवली. २० ते २५ टक्क्यांपर्यंत पातळ केलेल्या अमेरिकी व्हिस्कीचा थेंब वाळला की सूक्ष्मदर्शकाखाली जाळं दिसतं आणि प्रत्येक ब्रँडचं जाळं वेगळं. वापरलेल्या पिंपांतल्या स्कॉचमध्ये ते उमटत नाही.

दोष ओळखताना ते कुठून आले हे बघा. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला तर इथिल अ‍ॅसिटेट जास्त झालंय. कच्च्या कणसाचा वास म्हणजे पिंपातला मुक्काम अपुरा. हिरड्या आवळणारा तुरटपणा आणि शेवटी कडवट लाकूड म्हणजे मुक्काम लांबला. माझ्या मते हा दोष सगळ्यात जास्त माफ केला जातो, कारण वयाचा आकडा मोठा असला की किंमतही मोठी असते. भिजल्या पुठ्ठ्याचा वास बहुधा बुचाचा. साबणाचा वास आला तर आधी स्वतःचा ग्लास हुंगा.

दोन बाटल्यांत खरंच फरक कळतो का, हे तपासायला दुसऱ्या कुणाकडून तीन ग्लास भरून घ्या: दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास नुसत्या अंदाजाने ओळखण्याची शक्यता तिनात एक, सलग तीनदा ओळखण्याची सत्तावीसात एक. तीव्रता वेगळी असेल तर आधी पाण्याने सारखी करून घ्या, नाहीतर पुन्हा अल्कोहोलच ओळखाल. आणि थुंकायला पेला ठेवा: ५० टक्क्यांच्या १५ मिलीत जवळपास ६ ग्रॅम अल्कोहोल असतं, तीन ग्लासांच्या तीन फेऱ्यांत ते ५० ग्रॅमच्या पुढे जातं, आणि तिसऱ्या फेरीचा निकाल मग कुणालाच धड आठवत नाही.