परदेशातून मूल दत्तक घेणाऱ्या ब्रिटनमधील नोकरदारांसाठी दत्तक रजा: पात्रता, कागदपत्रे आणि मुदती

भारतातून किंवा अन्य देशातून मूल दत्तक घेणाऱ्या इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील नोकरदारास कायद्याने ५२ आठवड्यांपर्यंत दत्तक रजा मिळते. दाम्पत्यापैकी एकालाच ही रजा घेता येते. दुसरा जोडीदार अटी पूर्ण करत असल्यास पितृत्व रजा घेऊ शकतो, मग तो पुरुष असो वा स्त्री. रजेसाठी किमान सेवाकाळाची अट नाही, मात्र अर्जदार कायद्याच्या अर्थाने कर्मचारी असला पाहिजे. स्वयंरोजगार करणाऱ्यांना ती लागू नाही.

या रजेच्या काळात मिळणाऱ्या वेतनाचे, म्हणजे दत्तक वेतनाचे, नियम अधिक कडक आहेत. दत्तक वेतन सुरू होईपर्यंत त्याच मालकाकडे सलग किमान २६ आठवडे नोकरी झालेली असावी आणि सरासरी साप्ताहिक कमाई ठरावीक किमान रकमेइतकी असावी. २०२५-२६ या वर्षासाठी ही रक्कम १२५ पौंड होती. वेतन ३९ आठवडे मिळते. पहिले सहा आठवडे सरासरी कमाईच्या ९० टक्के, आणि उरलेले ३३ आठवडे ९० टक्के किंवा ठरलेला साप्ताहिक दर (२०२५-२६ मध्ये १८७.१८ पौंड) यांपैकी जे कमी असेल ते. हे आकडे दर एप्रिलमध्ये बदलतात, म्हणून रजा सुरू होण्याच्या वर्षाचे दर पाहावेत.

सर्वाधिक गोंधळ होतो तो रजा कधी सुरू होते याबाबत. परदेशी दत्तकात ती मूल ब्रिटनमध्ये पोहोचल्याच्या दिवशी किंवा त्यानंतरच्या २८ दिवसांत सुरू करता येते, दत्तक आदेश झाल्याच्या दिवसापासून नव्हे. भारतात जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश झाल्यानंतरही ‘कारा’ या दत्तकविषयक केंद्रीय प्राधिकरणाचे अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक आंतरराष्ट्रीय नियमांनुसार झाल्याचा दाखला), मुलाचा पासपोर्ट आणि ब्रिटनमध्ये प्रवेशाची परवानगी यांत वेळ जातो, आणि तेवढे दिवस पालक मुलाजवळ भारतात राहिले तर तो काळ या रजेत धरला जात नाही. त्यासाठी वार्षिक सुट्टी किंवा बिनपगारी रजा मालकाशी आधीच ठरवून ठेवणे शहाणपणाचे, आणि हे बोलणे लेखी असलेले बरे.

मूल दत्तक घेण्यास पालक पात्र आहेत असे ब्रिटनमधील संबंधित प्राधिकरणाचे अधिकृत पत्र मिळाल्यापासून सर्वसाधारणपणे २८ दिवसांत त्या पत्राची तारीख आणि मूल येण्याची अंदाजे तारीख मालकाला कळवावी लागते. मूल पोहोचल्यावर प्रत्यक्ष आगमनाची तारीख पुन्हा २८ दिवसांत कळवावी. रजा किती व केव्हापासून हवी आणि वेतन केव्हापासून हवे, हे रजा व वेतन सुरू होण्याच्या किमान २८ दिवस आधी सांगावे. रजेची सूचना मिळाल्यावर मालकानेही २८ दिवसांत रजा संपण्याची तारीख लेखी कळवायची असते.

वेतनासाठी पुरावा द्यावाच लागतो. नुसत्या रजेसाठी मालकाने मागितला तरच. त्यात पालकाचे व दत्तक संस्थेचे नाव-पत्ते, कोणते मूल दत्तक मिळणार हे निश्चित झाल्याची तारीख, वर उल्लेखिलेले अधिकृत पत्र आणि मूल ब्रिटनमध्ये आल्याचा दिनांक दाखवणारा कागद, उदाहरणार्थ विमानाचे तिकीट, यांचा समावेश असतो. जोडीदारासह दत्तक घेत असल्यास आपण पितृत्व रजा किंवा वेतन घेत नाही, असे ‘एससी ६’ या नमुन्यावर सही करून द्यावे लागते.

भारतीय कुटुंबांनी एक अपवाद अवश्य ध्यानात घ्यावा: भाचा, पुतणी यांसारखे नात्यातले मूल, सावत्र मूल किंवा खासगीरीत्या ठरवलेले दत्तक यांसाठी ही कायदेशीर रजा व वेतन मिळत नाही. वेतन नाकारताना मालकाने ‘एसएपी १’ हा नमुना कारणासह द्यायचा असतो. तथापि काही कंपन्या स्वतःच्या धोरणानुसार अधिक सवलत देतात, त्यामुळे नियुक्तीपत्र आणि कंपनीची नियमपुस्तिका तपासल्याशिवाय अर्ज सोडून देऊ नये.