लष्करातून निवृत्त झालेला कुत्रा दत्तक घ्यायचाय? मराठवाड्यातून अर्ज कसा करायचा

ऑगस्ट २०२० मध्ये बीड पोलिसांनी आपल्या रॉकी या श्वानाला पूर्ण सन्मानाने अखेरचा निरोप दिला. ३०० हून जास्त गुन्ह्यांच्या तपासात त्याने मदत केली होती. त्याच महिन्याच्या 'मन की बात'मध्ये रॉकीचा उल्लेख झाला आणि लष्कराच्या सोफी व विदा या दोघींचाही. बहुतेक तिथूनच लोकांच्या डोक्यात पोलिसांचे आणि लष्कराचे कुत्रे यांची सरमिसळ झाली असावी. रॉकी पोलिसांचा. पोलिसांचं श्वान पथक जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत असतं, त्यामुळे तिथल्या श्वानाची चौकशी त्याच कार्यालयात करायची. सोफी-विदा लष्कराच्या. त्यांच्यासारख्यांचा कारभार मेरठहून चालतो आणि खालची माहिती तिथली आहे.

लष्करी कुत्र्यांची पैदास, प्रशिक्षण आणि म्हातारपण हे सगळं रिमाउंट व्हेटर्नरी कोअर म्हणजे आरव्हीसी बघते. २०१५ मध्ये माहिती अधिकारातल्या एका उत्तरातून कळलं, की सेवेला निरुपयोगी झालेल्या कुत्र्यांना तोवर इंजेक्शन देऊन संपवलं जायचं. बरीच ओरड झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि धोरण बदललं. आता असाध्य दुखणं नसेल तर कुत्रा मेरठच्या श्वान-वृद्धाश्रमात राहतो किंवा दत्तक जातो. विशेष मुलांच्या 'आशा' शाळांनाही असे निवृत्त कुत्रे दिलेले आहेत.

अर्ज म्हणजे एक पत्र. ते कमांडंट, आरव्हीसी सेंटर अँड कॉलेज, मेरठ कॅन्टोन्मेंट, उत्तर प्रदेश – २५०००१ या पत्त्यावर पाठवायचं. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. मध्ये एजंट नसतो. 'आर्मीचे रिटायर कुत्रे मिळतील, आधी गाडीभाडं पाठवा' असा मेसेज फिरत आला तर सरळ डिलीट करा. हे दत्तक आहे, खरेदी-विक्री नव्हे.

पात्रतेचा गाभा एवढाच, की तुम्ही त्याला अखेरच्या श्वासापर्यंत सांभाळाल का. तसं बंधपत्र सही करून द्यावं लागतं. म्हणून पत्रातही शौर्याच्या गप्पा नकोत, घरची परिस्थिती लिहा. घर स्वतःचं की भाड्याचं, अंगण किती, घरात कोण-कोण, लहान मूल आहे का, आधीचं जनावर आहे का, दिवसभर घरी कोण असतं, जवळचा जनावरांचा डॉक्टर किती अंतरावर. सोबत आधार, पत्त्याचा पुरावा आणि स्वतःचे फोटो लागतील असं धरून चाला. मी तर राहत्या जागेचे दोन-तीन फोटो आणि भाड्याचं घर असेल तर मालकाचं संमतीपत्रही जोडेन. आधी कुत्रा सांभाळला असेल तर त्याचं लसीकरण कार्डही.

शेतावर राखणीला हवा असेल तर मात्र अर्ज करू नका. निवृत्त होतो तेव्हा कुत्रा साधारण ८ ते १० वर्षांचा असतो, म्हणजे म्हाताराच. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड या जातींना त्या वयात कंबर-सांधे धरण्याचा त्रास असतो. आपल्याकडे थकलेल्या बैलाला दावणीला ठेवून वैरण घालणारी माणसं अजून आहेत. त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

होकार आला की न्यायला जायचं. नांदेड–अमृतसर सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत नवी दिल्लीला जाते आणि तिथून मेरठ जवळ आहे. अवघड आहे ते परत येणं. रेल्वेत कुत्रा सोबत बसवायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर हवी. नाहीतर तो ब्रेक व्हॅनमधल्या डॉग बॉक्समध्ये जातो. टू एसी, थ्री एसी, स्लीपरमध्ये परवानगी नाही. पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला आणि लसीची नोंद जवळ ठेवा. म्हाताऱ्या कुत्र्याला मे महिन्यात डॉग बॉक्समध्ये घालून आणणं मला तरी पटत नाही. दिवाळीनंतर जा, जमलं तर स्वतःच्या गाडीने, थांबत थांबत.

मेरठला असताना हँडलरला, म्हणजे कुत्र्याला सांभाळणाऱ्या जवानाला, भेटता आलं तर जरूर भेटा, कागदपत्रांपेक्षा ती भेट कामाची. हा ट्रॅकर होता, स्फोटकं हुंगायचा की पहाऱ्यावर होता? कोणत्या भाषेतला हुकूम ऐकतो? फटाक्यांना बिचकतो का? आपल्याकडे लग्नसराईत दारावरून रोज वरात जाते. काय खातो, कोणती गोळी चालू आहे, सगळं लिहून घ्या आणि लसीकरणाची वही मागून घ्या.

इथे आल्यावर महापालिका हद्दीत राहत असाल तर कुत्र्याचा परवाना काढा. रेबीजची लस दरवर्षी. खाणं-औषध तुमच्या खिशातून. गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी परभणी आणि उदगीर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं आपल्या आवाक्यात आहेत. पत्र्याच्या खोलीत त्याला ठेवू नका, उन्हाळ्यात ४२-४३ अंशांत लॅब्रेडॉर धापा टाकून आडवा होतो. फिरणं पहाटे किंवा दिवे लागल्यावर. मटणाचा तिखट रस्सा प्रेमाने घालू नका, कांदा तर मुळीच नको.

आणि त्याचं नाव बदलून शेरू-टायगर करू नका. इतकी वर्षं तो त्याच हाकेला आलाय.