थांबणे (क्रियापद)

‘थांबणे’ हे मराठीतील अकर्मक क्रियापद असून चालू असलेली गती किंवा क्रिया खंडित होणे हा त्याचा मुख्य अर्थ आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘स्तंभ्’ या धातूत असून प्राकृतातील ‘थंभ’ या रूपातून ते मराठीत आले. हिंदीतील ‘थमना’ आणि गुजरातीतील ‘थंभवुं’ ही त्याचीच भावंडे होत. ‘खांब’ हा शब्द दिसायला जवळचा असला, तरी तो ‘स्कंभ’ या वेगळ्या शब्दापासून आलेला आहे.

वाट पाहणे आणि तात्पुरता मुक्काम करणे हे या क्रियापदाचे आणखी दोन अर्थ आहेत. ‘मी तिकीटखिडकीपाशी थांबतो’ या वाक्यातला बोलणारा चालत होता की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. तो वाट पाहणार आहे, एवढेच कळते. ‘रात्री दादरला मावशीकडे थांबलो’ असे म्हटले, की मुक्काम एखाद-दुसऱ्या रात्रीचा असल्याचे समजते. तोच महिनोन्महिने लांबला, तर ‘राहणे’ हे क्रियापद येते. या तिन्ही अर्थांत पुढे काहीतरी होणे बाकी असल्याची जाणीव असते, आणि ‘संपणे’ या क्रियापदाशी असलेला खरा भेद तोच आहे. काम थांबले, तर ते पुन्हा सुरू होऊ शकते. काम संपले, तर करण्यासारखे काही उरत नाही.

‘थांबवणे’ हे याचे प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याला थांबायला लावणे या अर्थाचे रूप असून औपचारिक लेखनात ते ‘थांबविणे’ असेही लिहिले जाते. भूतकाळात ‘ती थांबली’ हा कर्तरी प्रयोग, तर ‘तिने गाडी थांबवली’ हा कर्मणी प्रयोग होय. रिक्षा-टॅक्सीत बसणाऱ्या मुंबईकराला हा फरक व्याकरण न शिकताही ठाऊक असतो. ‘दादा, इथे थांबवा’ म्हणजे गाडी उभी करा, मी उतरतो. ‘दादा, इथे थांबा’ याचा अर्थ मात्र मी परत येईपर्यंत उभे राहा असाही होऊ शकतो, आणि मग वेटिंगचे पैसे भाड्यात जमा होतात.

एखादी क्रिया करण्याचे सोडून देणे हा अर्थ मराठीत दोन रचनांनी व्यक्त होतो. पहिल्या रचनेत मुख्य क्रियापदाचे ‘-आयचा’ प्रत्ययान्त रूप येते आणि ते कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते : तो रडायचा थांबला, ती रडायची थांबली, मूल रडायचे थांबले, पाऊस पडायचा थांबला. दुसऱ्या रचनेत धातुसाधित नाम ‘थांबवणे’चे कर्म होते : त्याने लिहिणे थांबवले. पहिली रचना बोलण्यात रुळलेली आणि अधिक अस्सल वाटते. दुसरी वृत्तपत्रांत व कचेरीच्या कागदांत जास्त आढळते. ‘तो बोलायला थांबला’ याचा अर्थ मात्र नेमका उलटा, म्हणजे बोलण्यासाठी थांबला, असा होतो. ‘मला आता थांबवत नाही’ यातील ‘थांबवत’ हे शक्य क्रियापद आहे (मला थांबणे जमत नाही), प्रयोजक नव्हे. ‘तो मला थांबवत नाही’ या वाक्यात तेच रूप प्रयोजक ठरते, आणि भेद कळतो तो केवळ वाक्यरचनेवरून.

‘थांबा’ हे आज्ञार्थाचे आदरार्थी व अनेकवचनी रूप आहे, तसेच गाडी थांबण्याची जागा या अर्थाचे पुल्लिंगी नामही आहे. नामाचे सामान्यरूप ‘थांब्या-’ असे होते, त्यामुळे ‘थांब्यावर थांबा’ हे वाक्य निर्दोष आहे. मुंबईच्या ‘बेस्ट’ बससेवेच्या पाट्यांवर ‘बस थांबा’ असले, तरी बोलण्यात ‘स्टॉप’ हाच शब्द चालतो. वाहकाच्या घंटेचा एक ठोका म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. लोकलच्या बाबतीत हे क्रियापद नकारात विशेष ऐकू येते, कारण जलद गाडी कोठे थांबणार नाही हे फलाटावर पुन्हापुन्हा सांगितले जाते.

जवळच्या अर्थाची क्रियापदे बरीच आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पाऊस थांबतो, तसाच तो ‘उघडतो’. पण उघडण्यात आभाळ मोकळे होणेही आले. यंत्र ‘बंद पडते’, रडू ‘आवरले’ जाते, लाट ‘थोपवली’ जाते, न्यायालय ‘स्थगिती’ देते. पाणी वाहायचे थांबून साचले, की ते ‘तुंबते’, आणि मुंबईच्या पावसाळ्याचे वर्णन या क्रियापदावाचून होत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा लोकल नुसत्या ‘थांबल्या’ म्हटले असते तर ते अपुरे वाटले असते. अशा वेळी वृत्तपत्रांचा शब्द ‘ठप्प’ असा असतो. संप ‘मिटतो’ किंवा ‘मागे घेतला’ जातो. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मुंबईतील कापड गिरण्यांचा संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे त्याच्याबाबत यांपैकी कोणतेच क्रियापद नीट बसत नाही.

कायद्याच्या भाषेत प्रयोजक रूपाला महत्त्व आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५४अ अन्वये बेकायदा सुरू असलेले बांधकाम थांबवण्याची नोटीस देता येते. हा आदेश काम पुढे नेण्यास मनाई करतो. उभे राहिलेले बांधकाम ‘पाडणे’ ही वेगळी कारवाई असते.

मुंबईच्या बोलीत हिंदीच्या सहवासाने ‘रुकणे’ही शिरले असून ‘रास्ता रोको’ व ‘रेल रोको’ यांतील ‘रोको’ तर मराठी मथळ्यांत निर्धास्त वावरतो. घरात मुलाला दटावताना मात्र अजूनही ‘थांब’च म्हटले जाते, आणि ‘थांब, बघतेच तुला’ यातील ‘थांब’ म्हणजे थांबण्याची आज्ञा नसून उघड धमकी असते.