विशबोन खुर्ची

विशबोन खुर्ची : (वाय-खुर्ची, सीएच-२४). डॅनिश फर्निचर-रचनाकार हान्स वेग्नर (२ एप्रिल १९१४ – २६ जानेवारी २००७) यांनी १९४९ मध्ये आखलेली हातांची लाकडी खुर्ची. डेन्मार्कमधील कार्ल हान्सन अँड सन हा कारखाना १९५० पासून ती बनवीत आला आहे. पाठीच्या मधोमध ‘वाय’ या रोमन अक्षरासारखी पट्टी असते. डॅनिश नाव या अक्षरावरून, तर ‘विशबोन’ हे इंग्रजी नाव पक्ष्याच्या छातीतील दुफाटा हाडावरून पडले. मराठी वाचकाला गलोलीचे बेचके आठवले, तरी आकार ध्यानात येईल.

घडणीमागचा नमुना चिनी आहे, याविषयी दुमत नाही. तो वेग्नर यांच्यापर्यंत कसा पोहोचला, याविषयी मात्र आहे. चिनी खुर्च्यांत बसलेल्या डॅनिश व्यापाऱ्यांची जुनी व्यक्तिचित्रे पाहून त्यांना कल्पना सुचली, ही हकीकत वारंवार सांगितली जाते. दुसऱ्या मताप्रमाणे डॅनिश फर्निचर-रचनाकार ओले वान्शर यांच्या १९३२ मधील फर्निचरप्रकारांवरील पुस्तकातले चिनी खुर्चीचे चित्र त्याला कारण झाले. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बसलेल्या माणसाच्या चित्रात खुर्चीची पाठ नेमकी त्याच्याच आड जाते, आणि वेग्नर यांनी फेरफार केले ते मुख्यतः पाठीत व हातांच्या आधारात. शिवाय जुने नमुने मोजूनमापून त्यांतले अनावश्यक ते काढून टाकण्याची पद्धत कोरे क्लिंट या रचनाकारापासून डॅनिश फर्निचरकारांत रुजली होती. वान्शर त्याच परंपरेतले. वेग्नर यांनी १९४४ मध्ये फ्रिट्झ हान्सन या कारखान्यासाठी ‘चायना खुर्ची’ केली होती. विशबोन खुर्ची हा तिचाच पुढचा, अधिक मोकळा अवतार मानतात. योगायोग असा, की चिनी घरगुती फर्निचरवरचा गुस्टाव्ह एके यांचा पायाभूत ग्रंथही १९४४ मध्येच पेकिंगला निघाला. त्याचा वेग्नर यांच्यावर प्रभाव असण्याचा अर्थातच संभव नाही.

मूळ चिनी प्रकाराला छुआन-यी (शब्दशः कड्याची खुर्ची) म्हणतात. तो साधारणतः मिंग राजघराण्याच्या काळाशी (१३६८–१६४४) जोडला जातो; पण उपलब्ध नमुन्यांपैकी बरेच सतराव्या शतकातले असावेत, आणि काहींची गणना त्यानंतरच्या छिंग काळाच्या आरंभात करणेच सुरक्षित. गोल पाठीच्या खुर्च्या मिंगपूर्वीच्या, थांगकालीन दरबारी चित्रांशी संबंधित परंपरेत दिसतात. थांगनंतरच्या सुंग काळातील घडीच्या गोल-पाठी खुर्चीपासून हा प्रकार निघाला असेही म्हणतात. पाठ आणि हात मिळून होणारे सलग कडे तीन किंवा पाच तुकड्यांचे असते. तुकड्यांची टोके एकमेकांत अडकतील अशी तासतात आणि मधल्या चौकोनी भोकात पाचर ठोकतात. पाचर बसली की सांधा हलत नाही. उत्तम नमुने ह्वांगह्वालीचे असून हे झाड आपल्या शिसवीच्याच प्रजातीतले (डाल्बर्जिया) आहे.

वेग्नर यांनी कडे ठेवले, सांधे वगळले. विशबोनचे कडे एकाच लाकडाचे असून ते वाफेने वाकवतात. छुआन-यीमध्ये पुढचे पाय बैठकीतून वर जाऊन हातांना टेकू देतात. येथे ते बैठकीपाशीच थांबतात आणि हातांचा भार मागच्या पायांवर येतो. हे मागचे पाय वळत वर आणि पुढे येतात, त्यामुळे वाफेने वाकवल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात ते सपाट फळीतून कापलेले असतात. चिनी खुर्चीच्या पाठीतली रुंद, नागमोडी फळी जाऊन तिथे वाय आला. तो कड्याला मधोमध धरून ठेवतो, म्हणजे निव्वळ शोभेचा नाही. पायांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या खाच-कुसूने जोडतात.

बैठक कागदी दोराची विणलेली असते. युद्धकाळात समुद्री गवताचा तुटवडा पडल्यावर डेन्मार्कमध्ये पीळ दिलेल्या कागदाचा दोर वापरात आला, आणि तो पुढे टिकला. एका बैठकीला सुमारे १२० मीटर दोर लागतो. सरावलेला कारागीर ती तासाभरात विणतो. चारी बाजूंनी विणत मध्यापर्यंत आल्यावर बंद पाकिटाच्या पाठीसारखे चार त्रिकोण दिसतात. संपूर्ण खुर्चीला शंभराहून अधिक टप्पे लागतात, बरेचसे हातकामाचे. बीच, ओक, ॲश व अक्रोड ही लाकडे वापरतात.

जपानमध्ये तिला मोठी मागणी असून नकलाही पुष्कळ निघाल्या. तेथील बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने २०११ मध्ये खुर्चीचा आकार हेच व्यापारचिन्ह म्हणून मान्य केले. दोर झिजला किंवा ढिला पडला, की आपल्याकडच्या वेताच्या खुर्च्यांप्रमाणे सांगाडा तसाच ठेवून बैठक नव्याने विणून घेतात.